दुखण्याआधीचा थेंब

लेझरचं काम झालं तेव्हा आजींच्या डोळ्याची बाहुली चांगली सात मिलिमीटर होती. त्यांना लेझरच्या टेबलावरून उठवून मायक्रोस्कोपखाली घेईपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली असतील. डोळा लावून बघतो तर बाहुली आक्रसलेली. लेझरने भिंगाच्या वेष्टनावर कोरलेलं पाच मिलिमीटरचं नेटकं वर्तुळ बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या कडेआड अर्धवट दडलं होतं. शेवटी बारीक हुक लावून पडदा चारी बाजूंनी ताणून धरला आणि मोतीबिंदू काढला. डोळा उत्तम राहिला, पण मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आजींनी पिशवीतून एक बाटली काढली. सील तसंच.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घालायला दिले होते ना हे थेंब?"

"डोळा कुठं दुखत होता? उगाच औषध कशाला वाया घालवायचं? म्हटलं, दुखला तर घालू."

सिस्टरनी सकाळी विचारलं होतं, "आजी, थेंब घातले ना?" आजी "हो" म्हणाल्या होत्या, कारण बाहुली मोठी करायचे थेंब त्याच सिस्टरनी नुकतेच घातले होते. उत्तर खरंच होतं. प्रश्न चुकला होता.

फेम्टोसेकंद लेझर मोतीबिंदूसाठी पहिल्यांदा वापरला तो बुडापेस्टमध्ये, झोल्टान नाज यांनी, २००८ साली. हात कितीही सरावाचा असला तरी त्याने काढलेलं वर्तुळ लेझरइतकं गोल येत नाही. पण लेझरला ब्लेड नसलं तरी डोळ्याला तो घावच वाटतो. २०१३ साली जर्मनीतल्या बोखुमच्या डॉक्टरांनी लेझरनंतर डोळ्याच्या आतलं पाणी तपासलं, तेव्हा त्यात प्रोस्टाग्लँडिन वाढलेलं आढळलं. हेच रसायन बाहुलीला मिटायला लावतं. ते तयार होण्याची वाट ॲस्पिरिनसारखी औषधं अडवतात, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवून दिलं होतं. नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक, केटोरोलॅक हे आमचे थेंब त्याच कुळातले. मात्र तयार होऊन बसलेलं रसायन ते पुसून टाकत नाहीत. म्हणून लेझर चालण्याआधीच औषध डोळ्यात मुरलेलं हवं. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचं काम वेगळं, यांचं वेगळं. ते दार उघडतात, हे दार मिटू देत नाहीत.

हे सगळं मला पाठ होतं. आजींना मात्र मी एवढंच सांगितलं होतं, "हे सूज कमी करायचे थेंब, दिवसातून तीनदा." सूज नाही, दुखणं नाही, मग जन्मभर काटकसर केलेल्या बाईने सील का फोडावं?

तेव्हापासून पहिला थेंब माझ्यासमोर घालायला लावतो. खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक पापणीला टेकवायचं नाही, एकच थेंब. दुसरा घातला तर गालावरूनच वाहतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. दुसरं औषध पाच मिनिटांनी. घरी थेंब कोण घालणार, तेही विचारतो. सून, नातू, शेजारीण, जो कोणी असेल त्याच्या हातून एक थेंब पडलेला बघतो. कोट्यवधींच्या यंत्राची भिस्त आदल्या रात्रीच्या त्या हातावर असते. सकाळचा प्रश्नही बदलला: "काल घरी किती वेळा घातले? बाटली दाखवा."

सहा महिन्यांनी आजी दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या. बाटली उघडलेली, पातळी खाली गेलेली. बाहुली शेवटपर्यंत मोठी राहिली. बाहेर बाकावर त्या शेजारच्या आजोबांना समजावत होत्या, "दुखत नसलं तरी घालायचं हो. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून काय उपयोग?"

बारा वर्षं शिकून मला हे वाक्य सुचलं नव्हतं. आता मी तेच वापरतो.