शायेनची धावपट्टी

11 एप्रिल 1996. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, शायेन विमानतळावरून सकाळी साडेआठच्या आत-बाहेर सेस्ना 177 जातीचं एक छोटं विमान उडालं आणि काही क्षणांतच शेजारच्या वस्तीत कोसळलं. आत सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक. तिघंही गेले. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत विमान नेणारी सर्वांत लहान मुलगी म्हणून तिचा गाजावाजा चालू होता, त्यामुळे वर्तमानपत्रांनी तिचं वयच धरून ठेवलं.

वैमानिक हीच बातमी वाचतो तेव्हा त्याला आधी आकडे दिसतात.

शायेनची धावपट्टी 6,156 फुटांवर. त्या सकाळची डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, 6,670 फूट. अशा हवेत इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढ रेंगाळतो. त्यात विमान कमाल वजनापेक्षा 96 पौंडांनी जड होतं. म्हणजे जेमतेम 44 किलो, सिमेंटच्या गोणीपेक्षाही कमी! समुद्रकाठच्या लांब धावपट्टीवर एवढं कदाचित खपूनही गेलं असतं. आणि प्रशिक्षकाला सवय होती ती सखल कॅलिफोर्नियाची.

हे गणित डोंगराळ मुलखापुरतंच नाही. 2,000 फुटांवरच्या धावपट्टीवर पारा 40 अंशांवर गेला, की विमानाच्या लेखी ती साडेपाच हजार फुटांवर जाते. महाराष्ट्रात मे महिन्याच्या दुपारी उडू पाहणाऱ्या शिकाऊ वैमानिकाने हे कागदावर मांडूनच चाक हलवावं.

त्या सकाळी शायेनवर वादळही जवळ येत होतं. नुकत्याच उडालेल्या दुसऱ्या विमानाने वेगात 15 नॉटचा चढउतार कळवला होता. दृश्यमानता घसरली, तेव्हा प्रशिक्षकाने टॉवरकडे ‘स्पेशल आयएफआर’ (आयएफआर म्हणजे उपकरणांवर विसंबून उडणं) मागितलं. अशी परवानगीच नसते. त्याला हवं होतं ‘स्पेशल व्हीएफआर’, म्हणजे कमी दृश्यमानतेतही नजरेच्या भरवशावर उडायची मुभा. जीभ घसरली म्हणून सोडून देता येईल, पण घाईत असलेला माणूस असाच बोलतो. पुढे वार्ताहर वाट पाहत होते आणि वेळापत्रक आवळलेलं होतं. चौकशी मंडळानेही त्या दडपणाची नोंद केली.

उडाल्यावर विमान उजवीकडे वळलं. वळणात पंखांवरचा भार वाढतो, आणि ज्या वेगाखाली पंख उचल सोडतात तो वेगही वाढतो: 45 अंश कललं तर सुमारे 19 टक्क्यांनी. शिवाय विरळ हवेत काट्यावर नेहमीचाच वेग असला तरी जमीन जास्त भरभर मागे पळते. सखल भागात तयार झालेल्या नजरेला वाटतं, वेग भरपूर आहे. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांनी उचल सोडली. सावरायला खाली उंचीच नव्हती.

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला: परवाना नसलेल्याच्या हाती विक्रमासाठी विमानाची सूत्रं द्यायची नाहीत. जादा वजन घेऊन उडण्यावर नवा नियम करायची गरज पडली नाही. तो आधीपासूनच होता.