आसाचे छिद्र

‘सुख’ या शब्दाची एक व्युत्पत्ती मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. ‘ख’ म्हणजे छिद्र, चाकाच्या तुंब्यातले आस बसण्याचे भोक. ते चांगले असेल तर रथ ‘सुख’. ऋग्वेदात हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो, ही गोष्ट या मताला पुष्टी देते. ‘दुःख’ मात्र ‘दुःस्थ’वरून आले असावे असेही एक मत आहे, आणि तेही मी प्रामाणिकपणे सांगतो. विद्यार्थी उतरवून घेतात, मी फळा पुसतो. गेल्या मे महिन्यापर्यंत या छिद्रात माझे बोट कधी गेले नव्हते.

आमची मारुती ८०० ही २००६ सालची. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आमची सोलापुरात अजून चालते. हिवाळ्यापासून मागच्या बाजूने एक घुमणारा आवाज येऊ लागला होता. वेगाबरोबर तो चढे. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी थांबत नसे, म्हणजे तो एंजिनाचा नव्हता. हे मला कळत होते, आणि मी रेडिओ मोठा करीत होतो. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तो पहिल्याच दिवशी ओळखला असता. त्यांची उमेदीची वर्षे एस.टी.च्या कार्यशाळेत गेली. पण अलीकडे त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. ज्याचे कान गेले त्याला आवाजाविषयी काय विचारावे, असे मी स्वतःला समजावीत होतो. खरे म्हणजे ओरडून बोलण्याचा मला कंटाळा आला होता.

अखेर एका रविवारी पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर टेकवली. अण्णा काठी टेकत आले. खाली बसून एका हाताने त्यांनी चाक फिरवले आणि दुसऱ्या हाताची बोटे स्प्रिंगवर ठेवली. डावीकडे काही नव्हते. उजवीकडे बोटे थबकली. माझा हात ओढून त्यांनी तिथे ठेवला. चार महिने ऐकलेला आवाज बोटांखाली रेती दळल्यासारखा खरखरत होता.

“किती दिवस झाले?”

मी चार बोटे दाखवली. “महिने, अण्णा.” ते काही बोलले नाहीत.

बैलगाडीच्या कण्याला वंगण चोपडणाऱ्याला घर्षणाची फक्त समजूत काढता येत होती. १७९४ मध्ये वेल्समधल्या फिलिप व्हॉनने घोडागाडीच्या आसाभोवती गोळे बसवण्याचे पेटंट घेतले, तेव्हा घासण्याच्या जागी घरंगळणे आले. आमच्या ड्रममध्ये अशी दोन बेअरिंगे, मधे स्पेसर, आतल्या अंगाला सील. जुनी ठोकून काढण्यात दुपार गेली आणि नवे बसवताना मी घाई केली. बेअरिंगचे बाहेरचे कडे ड्रममध्ये घट्ट बसते; मी हातोडी आतल्या कड्यावर मारली. असा घाव छर्ऱ्यांमधून जातो आणि कड्याच्या गुळगुळीत वाटेवर सूक्ष्म खड्डे पाडतो. डोळ्यांना दिसत नाहीत. अण्णांनी ते तळहातावर फिरवून पाहिले आणि बाजूला ठेवले.

दुसरे आणले. त्यांच्या सांगण्यावरून दोन्ही बेअरिंगे पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये, मटारांच्या शेजारी. ड्रम सकाळपासून गच्चीवर. सोलापूरच्या मे महिन्यात भट्टी लागत नाही. एक आकसते, दुसरा फुगतो. फरक केसाच्या जाडीहून कमी, पण पुरतो. मी त्या ‘ख’मध्ये बोट फिरवले, कुठे ओरखडा नव्हता. मग बाहेरच्या कड्याच्या मापाचा नळीचा तुकडा धरून हलके हलके ठोकू लागलो. ड्रम अण्णांनी धरला होता. बेअरिंग तळाला टेकले की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव होतो. तो मी ऐकला आणि हाताने त्यांना खूण केली. त्यांनी मान हलवली. त्यांना ते ड्रममधून आधीच कळले होते.

नट आवळला, नवी पिन घालून वाकवली. संध्याकाळी विजापूर रस्त्याने निघालो. अण्णांनी चपला काढून तळपाय खाली टेकवले होते.

“साठला ने,” ते म्हणाले. नेली. बराच वेळ ते तसेच बसून राहिले.

“डावंही बदलून घेऊ,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी.”