दादा, वहिनींचा व्हिसा वेगळा काढ

तीर्थरूप दादास,


चियांग माईला राहायला जायचं तुम्ही पक्कं केलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. "म्हातारपणी कशाला ही परदेशाची हौस?" असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. आयुष्यभर सरकार पाठवेल त्या गावी बिऱ्हाड हलवलंत, आता एक गाव तुम्ही दोघांनी आपल्या आवडीने निवडलंय. जरूर जा. पण तू पाठवलेले कागद मी बँकेतल्या जुन्या सवयीने हातात पेन्सिल घेऊन वाचले आणि एका ठिकाणी अडले. वहिनींचा अर्ज तू 'पेन्शनरची पत्नी' एवढ्याच नात्याने करतोयस. त्यांच्या नावावर ना खातं, ना रक्कम, ना मुक्कामाची स्वतंत्र परवानगी. हे मला अजिबात पटलेलं नाही. उघड पत्र लिहितेय, कारण पेन्शनीच्या जोरावर थायलंडला जायचा विचार करणारी आणखी घरं आता माझ्या ओळखीत आहेत, आणि सगळीकडे कागद असेच भरले जातात.

रिटायरमेंट व्हिसा म्हटलं की वाटतं, एकदा हातात पडला की उरलेल्या आयुष्याची सोय झाली. तसं ते नाही. वयाची पन्नाशी पूर्ण हवी आणि थाई बँकेत 8 लाख बात किंवा महिन्याचं 65 हजार बात उत्पन्न दाखवावं लागतं. त्यावर मिळतं ते एक वर्ष. पुढे दर वर्षी 1,900 बात भरून मुदत वाढवायची, शिवाय दर 90 दिवसांनी राहत्या पत्त्याची नोंद इमिग्रेशनला कळवायची. पुण्याला एखाद्या लग्नाला यायचं झालं तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढायचं, नाहीतर देश सोडताच वाढवलेली मुदत संपली. कितीही वर्षं राहिलास तरी यातून आपोआप कायमचं वास्तव्य मिळत नाही.

आता त्या 8 लाखांकडे ये. अर्जाआधी दोन महिने ते खात्यात पडून असावे लागतात. मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही शिल्लक 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. अर्जाच्या दिवशी सकाळी लोक मुद्दाम बँकेत जाऊन शंभर बात भरतात, पासबुकात त्या तारखेची ओळ छापून घेतात आणि तिथून तडक इमिग्रेशनच्या रांगेत जातात. इतकी ती रक्कम आणि ते पासबुक महत्त्वाचं. रुपयांत पाहिलं तर वीस लाखांच्या वरचा पैसा. तो सगळा तुझ्या एकट्याच्या नावावर राहणार.

दादा, लिहायला जड जातंय, पण लिहिते. उद्या तुला काही झालं, तर वहिनींची मुक्कामाची परवानगी तुझ्या परवानगीवर टांगलेली आहे. त्या परवानगीचा आधारच जाईल. आणि खात्यातले पैसे? आपल्याकडे नॉमिनीचं नाव असलं की काम बरंच सोपं होतं, त्या भरवशावर तिथे राहू नकोस. तिथे कोर्टाने वारसा-व्यवस्थापक नेमावा लागतो, तोवर पैसे खात्यातच. म्हणजे परक्या भाषेच्या देशात, दुःखाच्या त्या दिवसांत, वहिनींच्या हातात ना पैसे, ना राहायचा हक्क.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. बँकेत काउंटरवर असताना वहिनींच्याच वयाच्या एक बाई यायच्या. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नवऱ्याच्या मुदत ठेवींच्या पावत्या तारखेवार लावलेल्या, एकही कोपरा दुमडलेला नाही. इतका नीटस माणूस. पण एकाही पावतीवर दुसरं नाव नाही, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' नाही, नॉमिनी नाही. घर त्यांचं होतं, मुलगा शहरातच होता, भाषा मराठी होती, तरी वारस दाखल्यापायी त्या किती खेटे घालत राहिल्या ते मी पाहिलंय. तूही तितकाच नीटस आहेस, म्हणूनच मला भीती वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं. वहिनींनी पन्नाशी कधीच ओलांडली आहे, त्या स्वतःच्या हक्काने अर्ज करू शकतात. दोघांनी इथूनच आपापला 'ओ-ए' हा रिटायरमेंट व्हिसा मागा. मुंबईच्या थाई वकिलातीसाठीही अर्ज आता ऑनलाइन करायचा असतो. या व्हिसासाठी रक्कम सुरुवातीला इथल्या बँकेत दाखवली तरी चालते. थाई बँकेतल्या शिलकीचा प्रश्न वर्षानंतर तिथे मुदतवाढ घेताना येतो. पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र दोघांचं लागेलच. शिवाय प्रत्येकी नियमात ठरलेल्या रकमेचा आरोग्य विमा. वहिनींच्या दम्याचं विमा कंपनीला आधीच लेखी कळव. जुना आजार कंपन्या बहुधा वगळतात, तो खर्च खिशातून होईल असं धरूनच हिशेब मांड. तुझं सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड तिकडे उपयोगाचं नाही, पण ते बंद मात्र करू नकोस.

पैसे पाठवतानाही दोन नावं कामी येतात. वर्षाला 10 लाख रुपयांच्या वर बाहेर पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, तरी तोवर पैसा अडकतो. ही मर्यादा माणशी आहे. कायमचे निघालात की बचत खाती एनआरओ (अनिवासी) करून घ्यायची आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, हे तुला सांगायला नको.

दोन्ही देशांतल्या मालमत्तेची मृत्युपत्रं वेगवेगळी कर. थाई मृत्युपत्र तिथल्या वकिलाकडून, थाई भाषेत. त्यावर बौद्ध साल असेल, आपल्यापेक्षा 543 वर्षं पुढचं. तारखा तपासताना ते लक्षात ठेव.

आणि वहिनींना एकदा मोकळेपणाने विचारलंस का? चियांग माईत तुम्ही राहून आलात ते डिसेंबरात, तेव्हा हवा सुरेख असते. फेब्रुवारी ते एप्रिल आजूबाजूच्या डोंगरांत वणवे लागतात, शेतकरी शेतं जाळतात आणि शहरावर धूर साचतो. दम्याच्या माणसाला ते महिने कठीण. वहिनी तुझ्यापुढे 'नको' म्हणायच्या नाहीत, मी त्यांना ओळखते. पण स्वतःचा व्हिसा आणि स्वतःचे पैसे असले, तर ते तीन महिने त्या समुद्राकाठी हुआ हिनला किंवा पुण्यात येऊन राहतील, तुझी परवानगी न मागता. तुझ्याबरोबर राहायला त्यांना आवडतंच. तिथलं राहणं त्यांच्याही नावावर असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

दोघांचे मिळून 16 लाख बात बाजूला ठेवणं आज जमत नसेल, तर एक वर्ष थांब. गाव कुठे पळून जात नाही. पुढच्या सोमवारी वहिनींना बरोबर घेऊन बँकेत जा, ठेवींची वाटणी कर, त्यांचा अर्ज त्यांच्या सहीने भरू दे. तिकिटं त्यानंतर काढ.

तुझी धाकटी बहीण