कोपऱ्यातला कर्णा

शनिवारी दुपारी लॅमिंग्टन रोडवर एक सत्तरीचे गृहस्थ पंख्याचा रेग्युलेटर फिरवून त्याचा आवाज ऐकत उभे आहेत. रेग्युलेटर कानाला लावलाय. दुकानदार आधी त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. मी खांदे उडवते.

‘‘टक-टक वाजला पाहिजे,’’ अप्पा म्हणतात. ‘‘जो गुळगुळीत फिरतो ना, तो नको. तो करंट कापतो.’’

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडलं की चालत पाचेक मिनिटांवर हा रस्ता. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून काही जात नाहीत. आपण इथे येतो ते लॅपटॉपचा चार्जर, ग्राफिक कार्ड, फार तर सीसीटीव्हीसाठी. अप्पा मात्र गेली चाळीस वर्षं एकाच कामासाठी येतायत. घरातले दोन अजस्र हॉर्न स्पीकर नीट वाजावेत म्हणून.

अप्पा म्हणजे माझ्या बाबांचे मित्र. बँकेतून रिटायर झालेले. दादरच्या हिंदू कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची बिल्डिंग आता रिडेव्हलपमेंटला गेलीय, तीन महिन्यांत जागा रिकामी करायची आहे. बंगळुरूचा एक शौकीन स्पीकर घ्यायला तयार बसलाय, रविवारी संध्याकाळपर्यंत त्याला हो की नाही कळवायचंय. म्हणून हा वीकेंड महत्त्वाचा. नव्या घरात हे स्पीकर वाजतील का, याची परीक्षा आहे. मला मदतीला बोलावलं, कारण त्यांचा मुलगा पर्थला आणि माझ्याकडे फ्रीलान्सरची भरपूर मोकळीक!

थिएटर ते दिवाणखाना

मोठा हॉर्न मुळात घरातला प्राणीच नव्हे. त्याचं माहेर सिनेमा थिएटर. १९२०च्या दशकात चित्रपट बोलू लागले, तेव्हा अॅम्प्लिफायरची ताकद होती जेमतेम काही वॅट. तेवढ्यात हजारभर माणसांना ऐकू जायला हवं. उपाय एकच, आवाजाला कर्णा लावायचा. तोंडाशी दोन्ही हातांचा द्रोण करून हाक मारली की ती लांब जाते, तसंच. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि आपल्याकडेही पडदा बोलू लागला. याच लॅमिंग्टन रोडवर मिनर्व्हा होतं, तिथे १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षं उतरला नाही. आता ते मिनर्व्हा नाही.

हा कर्णा घरात बसवण्याची युक्ती केली अमेरिकेतल्या पॉल क्लिप्शने. अर्कान्सा राज्यातल्या होप नावाच्या छोट्या गावात त्याने १९४६ साली कंपनी काढली. अडचण साधी होती. आवाज जितका खर्जातला, तितकी त्याची लाट लांब. ४० हर्ट्झची लाट सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट लांब. मोकळ्या जागेत ती नीट बाहेर काढायची तर हॉर्नचं तोंड व्यासाने जवळजवळ नऊ फूट हवं. एवढं भोंगं कोण घरात घेणार? क्लिप्शने लाकडी हॉर्नची आत घडी घातली आणि तो खोलीच्या कोपऱ्यात उभा केला. दोन भिंती आणि जमीन मिळून हॉर्नचा पुढचा भाग झाला. कोपऱ्यात तोंडाचं क्षेत्रफळ एक-अष्टमांश असलं तरी भागतं.

थोडक्यात, स्पीकर कंपनी बनवते, पण त्याचा उरलेला भाग तुमच्या घराचा गवंडी.

अप्पांनी १९८४ साली याच कल्पनेवर सुताराकडून मरीन प्लायचे दोन कॉर्नर हॉर्न करून घेतले. सव्वाचार फूट उंच. आतले १५ इंची वूफर आणि वरचे हॉर्न एका आतेभावाने अमेरिकेतून दोन खेपांत बॅगांमधून आणले. तेव्हा काकूंना फ्रिज हवा होता. फ्रिज दोन वर्षांनी आला!

पाच वॅट बस्स झाले

हिंदू कॉलनी हे मुंबईतलं माझं आवडतं ठिकाण. गल्ल्यांवर झाडांचं छप्पर, तीन-चार मजली जुन्या इमारती, गोल बाल्कन्या. अप्पांच्या हॉलला अकरा फूट उंच छत. लांबी २० फूट, रुंदी १४. आणि समोरच्या भिंतीला दोन स्वच्छ कोपरे, ज्यांत ना दार ना खिडकी. चाळीस वर्षं त्या कोपऱ्यांत दुसरं काही ठेवलेलं नाही.

मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या स्पीकरला अॅम्प्लिफायरही राक्षसी लागत असेल. अप्पांनी दाखवला तो पोळीच्या डब्याएवढा. त्यात प्रत्येक बाजूला एक ईएल-८४ व्हॉल्व्ह, तोच जो पूर्वी घरोघरच्या रेडिओत असायचा. ताकद? पाचेक वॅट.

हिशोब बघा. आपल्या शेल्फवरचा साधा स्पीकर एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. मोठा कॉर्नर हॉर्न १०४च्या आसपास. फरक १८ डेसिबल, म्हणजे ताकदीत सुमारे ६३ पट. तिकडे ६३ वॅट लागतात तिथे इकडे एक वॅट पुरतो. घरात नेहमीच्या आवाजात ऐकताना तर वॅटचा छोटासा अंशच खर्च होतो. देशाला गरज आहे ती चांगल्या पाच वॅटच्या अॅम्प्लिफायरची, असं क्लिप्श म्हणायचा म्हणे.

मग कुठलाही लहान अॅम्प्लिफायर चालेल? इथेच तर गोम आहे. हॉर्न जसं गाणं मोठं करतो, तसे अॅम्प्लिफायरचे दोषही मोठे करतो. मुलाने एकदा हौसेने शंभर वॅटचा होम थिएटर सेट आणून जोडला. गाणं लावायच्या आधीच हॉलमध्ये पाऊस पडल्यासारखी सूंऽऽ सुरू झाली. व्हॉल्यूमचं बटण जरा हललं की आवाज थेट शेजाऱ्यांकडे. आठवड्याभरात सेट बेडरूममध्ये गेला.

‘‘शंभराव्या वॅटचं काय करायचंय?’’ अप्पा म्हणाले. ‘‘आपण पहिल्या वॅटमध्येच राहतो. तो स्वच्छ हवा.’’

त्या स्वच्छतेसाठी काय काय केलंय ते बघून मी थक्क झाले. टर्नटेबल, सीडी प्लेयर, अॅम्प्लिफायर, सगळं एकाच पॉइंटवर, एकाच अर्थिंगला; दोन ठिकाणी अर्थिंग झालं की ५० हर्ट्झची गुणगुण घुसते. सीडी प्लेयर आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये फक्त एक व्हॉल्यूम कंट्रोल, कारण आणखी गेन वाढवला की आणखी सूं. वरचे हॉर्न वूफरपेक्षा जास्त बोलके, म्हणून त्यांचा आवाज थोडा खाली आणणारी जोडणी. स्पीकरची वायर अॅम्प्लिफायरच्या ४, ८ आणि १६ ओहमच्या टोकांना आलटून पालटून लावून, ऐकून, मग एक ठरवलेलं. छोट्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड ट्रान्झिस्टरइतकी घट्ट नसते, त्यामुळे कुठल्या टोकाला जोडता यावर स्वभाव बदलतो.

आणि तो पंख्याचा रेग्युलेटर? गुळगुळीत फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा हळू करतो, आणि त्या कापाकापीची भुणभुण हॉर्नमधून ऐकू येते. टक-टक करणारा कपॅसिटरवाला तसं करत नाही. नव्या घरात तरी पंखा चालू ठेवून भीमसेन ऐकता यावा, एवढीच काकूंची मागणी होती. ‘‘चाळीस मे महिने काढले मी घामात,’’ त्या म्हणाल्या.

रविवारची परीक्षा

नव्या फ्लॅटचा नकाशा टेबलावर पसरलेला. हॉल १८ बाय १२, छत साडेनऊ फूट. समोरच्या भिंतीचा डावा कोपरा बाल्कनीच्या सरकत्या दाराने खाल्लेला. उजव्या कोपऱ्यात किचनचं ओपनिंग. बिल्डर अभिमानाने म्हणाला होता, भरपूर उजेड येईल. अप्पांनी विचारलं होतं, ‘‘आणि कोपरे?’’ त्याला प्रश्नच कळला नाही.

अप्पांचा प्लॅन असा : कोपरा नसेल तर कोपरा बनवायचा. प्रत्येक हॉर्नच्या मागे प्लायचे दोन पंख काटकोनात उभे करायचे. हॉर्नची मागची उघडी बाजूही प्लायने बंद करायची. कंपनीनेही अलीकडच्या मॉडेलमध्ये मागची बाजू बंद केली आहे, त्यामुळे ते घट्ट कोपऱ्यावर तितके अवलंबून राहत नाहीत. पंख खरे कामाला येतात का, हे इथेच तपासायचं.

वॉचमन, सुतार आणि मी, तिघांनी मिळून हॉर्न ओढले. चाळीस वर्षांनी ते कोपऱ्यातून बाहेर आले. खाली फरशीचा रंग वेगळाच निघाला. काकू झाडू घेऊन आल्या, मग तशाच उभ्या राहिल्या.

आधी कोपऱ्यापासून लांब, तसेच वाजवले. तबला लावला. तबल्याची शाई खणखणीत, पण डग्गा गायब. कुणीतरी नुसत्या उजव्या हाताने वाजवतंय असं वाटावं. अप्पांनी मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सूर सोडला, हातातल्या मीटरवर आकडा बघितला आणि वहीत लिहिला. आधीपेक्षा आठ डेसिबल कमी. ते काही बोलले नाहीत.

मग पंख लावले. फटींवर फोमची पट्टी, कारण फटीतून खर्ज गळतो. पुन्हा तोच सूर. पाच डेसिबल परत आले.

‘‘तीन कमी,’’ अप्पा म्हणाले.

‘‘खुर्ची हलवून बघू या?’’ मी विचारलं. दिवसभर त्यांचंच ऐकून शिकले होते. कोपऱ्यातला स्पीकर हलवता येत नाही, मग माणसाने हलायचं. खोलीत खर्जाच्या लाटा भिंतींवर आपटून काही ठिकाणी साठतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. बरोब्बर मध्यावर बसलात तर खर्ज पातळ, मागच्या भिंतीला टेकलात तर घुमतो. आम्ही खुर्ची एक-एक फूट मागे सरकवत गेलो. मध्यापासून तीन फूट मागे एक जागा सापडली. तिथे तीनातले दोन भरून निघाले.

मी टाळी वाजवली. टाळी भिंतींमध्ये टणटणत राहिली, कारण गालिचा गुंडाळलेला आणि पुस्तकांची कपाटं रिकामी. ‘‘नव्या घरात पुस्तकं मागच्या भिंतीला,’’ अप्पांनी वहीत लिहिलं. ‘‘बाजूच्या भिंतीला गोधडी लावू.’’

‘‘माझ्या आईची गोधडी भिंतीला नाही लावायची,’’ आतून आवाज.

मग किशोरीताईंची एलपी लागली. अप्पा मुद्दाम काही विचारत नव्हते. काकू भाजी चिरता चिरता दारात आल्या. लग्नाआधी आठ वर्षं गाणं शिकलेल्या. डोळे मिटून दोनेक मिनिटं उभ्या राहिल्या.

‘‘तंबोरा मागे बसलाय नीट. डग्गा आला. फक्त पूर्वी ताई खोलीच्या पलीकडे बसून गायच्या, आता खोलीत बसून गातायत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? बसू देत की. पण तो पंख बाल्कनीच्या दाराला आडवा येणार. मी कपडे वाळत घालायला कुठून जाऊ?’’

यावर सुताराने उत्तर दिलं. पंखाला बिजागऱ्या आणि खाली चाकं. ऐकायचं तेव्हा उघडायचा, एरवी भिंतीला मिटवायचा.

संध्याकाळी अप्पांनी बंगळुरूला फोन केला. दोन मिनिटांत संपला. मग हॉर्न पुन्हा जुन्या कोपऱ्यांत ढकलले. तीन महिने आहेत अजून, ते का वाया घालवायचे? वॉचमनही चहा घेऊन बसला. तबला पुन्हा लावला, डग्गा पुन्हा जमिनीतून आला. काकूंनी उठून पंखा बंद केला. या घरातला रेग्युलेटर अजून गुळगुळीतवालाच आहे.

तुम्हालाही मोह झालाय?

- स्पीकर बघण्याआधी खोली बघा. कॉर्नर हॉर्नला एकाच भिंतीचे दोन मोकळे कोपरे हवेत. बसायची जागा दहा-बारा फूट लांब हवी, तरच वेगवेगळ्या हॉर्नचे आवाज एकजीव होतात.
- वॅट मोजू नका. काहीही न लावता अॅम्प्लिफायर चालू करा आणि हॉर्नजवळ कान न्या. सूं किंवा गुणगुण खुर्चीपर्यंत पोचत असेल तर तो तुमचा नाही.
- व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये जीवघेणा व्होल्टेज असतो, बंद केल्यावरही काही वेळ. उघडून बघण्याची हौस नको.
- लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद. जुन्या रेकॉर्डसाठी चोरबाजारातली मटन स्ट्रीट गाठा आणि भाव करायला लाजू नका.