टोस्ट ऑन व्हील्स

व्हॅनमध्ये राहतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न हमखास आंघोळीचा विचारतात. दुसरा पार्किंगचा. तिसरा, जरा आवाज खाली आणून, घरचे काय म्हणाले? माझ्या सासूबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘अगं, पण सकाळी त्याच्या टोस्टचं काय?’’

इथे एक खुलासा. माझ्या माहेरी टोस्ट म्हणजे बेकरीतला टोस्ट. खारी, बटर, टोस्ट या त्रिकुटातला. चहात बुडवायचा आणि तुटून कपात पडायच्या आत तोंडात टाकायचा. सासरी टोस्ट म्हणजे स्लाइस ब्रेडचा, टोस्टरमधून टण्णकन उडी मारणारा. नवरा शाळेपासून तोच खातोय. पोहे, उपमा, खिचडी सगळं चालतं त्याला, पण टोस्टनंतर.

पुण्यातल्या फ्लॅटचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं आणि घरमालकाने भाडं वाढवलं. नवरा सॉफ्टवेअर टेस्टर, वर्क फ्रॉम होमवाला. मी फ्रीलान्सर, माझं ऑफिस माझ्या सॅकमध्ये. सेकंडहॅण्ड ईको घेतली, मागे प्लायचा काढता-घालता येणारा पलंग टाकला (वेल्डिंग, कापाकापी काही नाही, आरटीओची भानगड कोणाला हवीय!) आणि कोकणात उतरलो. सहा महिने जमलं तर पुढे, नाही तर परत, असं ठरलं. त्यातही ‘जमलं’ म्हणजे एकमेकांशी. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि डबल बेडएवढ्या जागेत दोघं दिवसाचे चोवीस तास. कॅम्पिंगचे फोटो टाकणारे हे कधी सांगत नाहीत.

मग टोस्टर सोबत का नाही घेतला? त्याचं गणित इंटरेस्टिंग आहे. साधा टोस्टर 800 वॉटचा धरा. तीन मिनिटं चालला तर 40 वॉट-अवर वीज खातो, म्हणजे साधारण तासभर लॅपटॉप चालेल इतकी. आमच्या 12 व्होल्ट, 100 अ‍ॅम्पिअर-अवरच्या बॅटरीला ती आरामात परवडते. गोची अशी की टोस्टरला ती एकदम हवी असते. 12 व्होल्टवर 800 वॉट म्हणजे जवळपास 67 अ‍ॅम्पिअर, वर इन्व्हर्टरमधली गळती वेगळीच. त्याला मोठा इन्व्हर्टर हवा, जाडजूड केबल हवी. आमचा इन्व्हर्टर 300 वॉटचा. दोन स्लाइससाठी एवढा खर्च? सॉरी बॉस.

पहिला आठवडा तव्यावर निघाला. लोखंडी तवा, मंद आच, ब्रेड कोरडाच टाकायचा, बटर नंतर. टोस्टचा सगळा फंडा पाणी उडवण्यात आहे. ब्रेडच्या वरच्या थरातलं पाणी उडेपर्यंत तो 100 अंशांच्या फारसा वर तापत नाही आणि साधारण 140च्या पुढे गेल्याशिवाय तो खरपूस रंग नि वास धड येत नाही. या प्रक्रियेला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात, लुई-कामिय मायार या फ्रेंच केमिस्टने 1912 मध्ये ती मांडली. म्हणून तव्यावर झाकण अजिबात नको. वाफ कोंडते आणि ब्रेड चिवट होतो. आणि म्हणूनच कालचा ब्रेड ताज्यापेक्षा लवकर खरपूस होतो. नवऱ्याने पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, ‘‘छान आहे. पण हा टोस्ट नाही, ही ब्रेडची पोळी आहे.’’ मी त्या दिवशी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

मग जाळी. पापड भाजायची, बाजारात स्वस्तात मिळते ती. ज्योत बारीक, हातात चिमटा आणि नजर हलू द्यायची नाही. याला वास मस्त येतो, पण समुद्राचा वारा आला की ज्योत एकीकडे पळते, स्लाइस अर्धी काळी, अर्धी पांढरी.

खरा हीरो निघाला लांब दांड्यांचा गॅसवरचा सॅण्डविच टोस्टर. तोच तो, बटाट्याचं सारण भरून उलटापालटा करायचा. निघताना सासूबाईंनी माळ्यावरून काढून, पेपरात गुंडाळून दिलेला. मी तो ‘अडगळ’ म्हणून पलंगाखाली सारला होता. दोन कोऱ्या स्लाइस घालायच्या, एका बाजूने दीड मिनिट, मग उलटा, मध्ये एकदा क्लिप उघडून वाफ सोडायची. वाऱ्याचा त्रास कमी, आणि चुरा आतच राहतो. व्हॅनमध्ये चुरा म्हणजे मुंग्यांना आमंत्रण. हा टोस्ट नवऱ्याने न बोलता खाल्ला. त्याच्याकडून ही मोठी दाद.

जूनमध्ये मात्र पेच आला. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो, पुढे गुहागरच्या बाजूला गाडी लावली आणि रात्रीपासून जो धरला पाऊस, तो सकाळीही थांबेना. एरवी आम्ही स्टोव्ह बाहेर मांडतो. नवरा म्हणाला, ‘‘आत करू या ना. दार बंद कर, पाच मिनिटांचं तर काम.’’ मी म्हटलं, नाही. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. शिवाय स्टोव्हच्या कॅनमधलं बुटेन हवेपेक्षा जड, गळालं तर खाली, आमच्या पलंगाशीच साठणार. तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीची बातमी करतेस. मी म्हटलं, होय, आणि ही मला वाचायची नाहीय. आवाज चढले. पावसात भांडणाचा एक तोटा असतो, रागाने बाहेर निघून जाता येत नाही.

तासाभराने तोच छत्री घेऊन उतरला आणि गावातल्या बेकरीतून पुडा घेऊन आला. बेकरीतले टोस्ट! चहाही करता येत नव्हता, तर आम्ही थर्मासमधल्या कोमट पाण्यात कॉफी ढवळली आणि तिच्यात ते बुडवले. ‘‘दोनदा भाजलेले असतात हे,’’ मी म्हटलं. ‘‘तुझ्यापेक्षा एकदा जास्त.’’ तो हसला, आणि त्याचा टोस्ट तुटून कपात पडला.

ऑगस्टमध्ये गोव्यात पोहोचलो. तिथे पोदेर सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येतो. उंडो इतका ताजा, की भाजायची गरजच नाही, असं माझं मत. नवऱ्याने तोही मधून कापून टोस्टरमध्ये दाबला.

गेल्या आठवड्यात त्याच्या ऑफिसचा मेल आला, आठवड्यातून तीन दिवस हजेरी कम्पल्सरी. ब्रोकरला फोन करून झालाय. वन बीएचके, बजेट तेच, आणि पार्किंग मोकळं हवं. कव्हर्ड पार्किंगमध्ये शनिवारी सकाळी स्टोव्ह कसा मांडणार?