लाल बटण

गायक रॉड स्टुअर्ट दौऱ्यावर निघाला की हॉटेलात त्याच्यासाठी एक जादा खोली घेतली जायची. तिथले पलंग बाहेर काढायचे, रंगाचा वास जावा म्हणून पंखे लावायचे. आदल्या रात्री हजारोंच्या गर्दीपुढे गायलेला माणूस मग त्या खोलीत बसून प्रतिकृतीतल्या इमारती रंगवत असे.

त्या इमारती लॉस एंजेलिसच्या घरी जात. तिथे १२४ फूट लांब आणि २३ फूट रुंद जागेत त्याने १९४०च्या दशकातलं एक अमेरिकी शहर वसवलं, मधून धावणाऱ्या आगगाड्यांसह. २६ वर्षं लागली. फुटपाथ कसे करायचे? आधी करडा रंग. मग काळ्या खडूची पूड भेगांत भरायची, गटाराच्या कडेला चिमूटभर कचरा, कुठे गंज. नवंकोरं शहर खोटं वाटतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. २०१९ साली हे पूर्ण झालेलं काम जगापुढे आलं आणि रेडिओवर कुणीतरी शंका काढली की हे त्याने स्वतः केलेलं नसणार. स्टुअर्टने थेट कार्यक्रमात फोन लावला: वायरिंग दुसऱ्याचं, बाकी नव्वद टक्के माझं. त्याचा तो राग मला फार आवडतो. गाण्याला कुणी नावं ठेवली तर कलावंत एक वेळ सोडून देईल. पण रात्र रात्र जागून हाताने घडवलेलं कुणी परक्याच्या नावावर टाकलं, तर जिवाला लागतंच.

अशाच आगगाडीवेड्या नील यंगची गोष्ट मात्र मला आतून हलवते. हा कॅनडाचा गायक. लहानपणी पोलिओ झालेला. त्याचा मुलगा बेन याला सेरेब्रल पाल्सी; बोलता येत नाही, हातपाय मनासारखे हलत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर यंगने बापलेकांसाठी खेळण्यातली आगगाडी मांडली. पण नुसतं बघत बसणं म्हणजे खेळणं नव्हे. गाडी सुटावी ती बेनच्या इच्छेने, थांबावी तीही त्याच्याच. म्हणून यंगने त्याच्यासाठी एक मोठं लाल बटण बसवून घेतलं. ते दाबलं की गाडी ऐकते. ज्या पोराचं स्वतःचं शरीर ऐकत नाही, त्याचं अख्खी आगगाडी ऐकते! बापाने लेकराला यापेक्षा मोठं काय द्यावं?

यंग तिथे थांबला नाही. तारेविना गाडी चालवण्याची नियंत्रणं, खऱ्या इंजिनासारखे आवाज यांवर तो तंत्रज्ञांबरोबर खपला, आणि १९९५ साली खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या लायनेल या जुन्या अमेरिकी कंपनीत भागीदारही झाला. बेनसाठी सुरू झालेलं ते काम लायनेलच्या गाड्यांत उतरलं, आणि परक्या घरांतली मुलंही तशा गाड्या चालवू लागली.