केड्स कोव्हची काकवी

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात टेनेसी राज्याच्या पूर्व सीमेवरील ग्रेट स्मोकी पर्वतात जो जातो, तो बहुधा पानांचे रंग पाहावयास जातो, आणि नॉक्सव्हिलवासी स्नेह्यांच्या आग्रहास्तव आम्हीही त्याच मिषाने निघालो होतो. टाउनसेंड गाव मागे पडल्यावर रस्ता नदीच्या काठाकाठाने अरण्यात शिरतो. शिखरांवर आधी उमटलेली लाली दिवसेंदिवस खाली उतरत या सुमारास खोऱ्यापर्यंत पोचलेली असते, आणि मेपलचा केशरी, हिकरीचा पिवळा व सावरवुडचा गडद तांबडा अशा वर्णांची दाटी दोन्ही बाजूंस होते. हरितद्रव्य विरल्यामुळे दडलेला पिवळा वर्ण उघडा पडतो व तांबडा मात्र शरदातच नव्याने घडतो, ही उपपत्ती ठाऊक असूनही दृष्टीचा आनंद रतिमात्र उणावत नाही. केड्स कोव्हच्या 11 मैलांच्या एकमार्गी फेऱ्यावर मोटारी इतक्या दाटल्या होत्या की रानात कोणास अस्वलाची चाहूल लागली, की साऱ्या रांगेने खोळंबावे.

चहूंकडून डोंगरांनी वेढलेल्या या सपाट खोऱ्याच्या तळाशी चुनखडक उघडा पडलेला असल्याने येथील माती आसपासच्या उतारांहून कितीतरी सुपीक आहे, आणि पुढचा सारा इतिहास या मातीपायी घडला. 1818 च्या सुमारास जॉन ऑलिव्हर आपल्या पत्नीसह येथे आला, त्या वेळी ही भूमी कायद्याने चेरोकी लोकांची होती. ती सरकारच्या स्वाधीन करणारा तह 1819 चा. पहिल्याच हिवाळ्यात उपासमारीची वेळ आलेल्या या दांपत्याला चेरोकींनी वाळवलेला भोपळा देऊन जगवले, अशी आख्यायिका येथे अजून सांगतात. ज्यांनी भोपळा दिला त्यांच्या लोकांची 1838 मध्ये लष्कराच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे रवानगी झाली आणि त्या वाटेवर सहस्रावधी माणसे मेली. जे थोडे डोंगरांत राहून गेले त्यांचे वंशज आज पर्वतापलीकडे नॉर्थ कॅरोलिनात नांदत आहेत.

शतकभराने हद्दपारीची पाळी ऑलिव्हरच्या वंशजांवर आली. राष्ट्रीय उद्यानाची योजना निघाली तेव्हा राजकारण्यांनी खोऱ्यातल्या रहिवाशांस घरे सुरक्षित राहतील अशी ग्वाही दिली होती. पुढे रॉकफेलर घराण्याने 50 लक्ष डॉलरांची देणगी दिली, जमिनींच्या संपादनाचे हुकूम सुटले आणि ग्वाही हवेत विरली. मूळ ऑलिव्हरचा पणतू जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर याने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा चालवला, परंतु निकाल विरुद्ध गेला, आणि मोबदला घेऊन 1937 मध्ये त्याला वडिलोपार्जित मिळकत सोडावी लागली. 1934 मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचा लोकार्पण सोहळा 1940 साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते पार पडला.

उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी जे राखले तेही विचार करण्याजोगे आहे. ओंडक्यांच्या जुन्या झोपड्या, पाणचक्की आणि प्रार्थनामंदिरे राहिली. रहिवाशांनी मागाहून हौसेने बांधलेली फळ्यांची, रंग दिलेली घरे बहुतांशी पाडण्यात आली, कारण प्रवाशाला आद्य वसाहतीचे चित्र दाखवायचे होते आणि विसाव्या शतकातला शेतकरी त्या चित्रात बसत नव्हता. ऑलिव्हरच्या झोपडीत डोकावलो तेव्हा भली थोरली दगडी चूल दिसली, स्वच्छ झाडलेली. घर राखावे आणि घरधनी घालवावा, ही जतनाची रीत मला तरी पटली नाही.

सुदैवाने त्या चुलींवर जे शिजत असे ते उद्यानाच्या हद्दीबाहेर जिवंत आहे. स्नेह्यांच्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाकडे आमचे दुपारचे जेवण ठरले होते, आणि अंगणात पाऊल टाकताच जो दरवळ आला तो कोल्हापूरकडच्या कोणाही माणसाने डोळे मिटून ओळखावा. गुऱ्हाळच ते, मात्र चरकात ऊस नसून आपल्या ज्वारीच्याच जातीची गोड धाटे होती. हे पीक 1850 नंतर अमेरिकेत आले आणि यादवी युद्धात साखर दुर्मीळ झाल्यावर डोंगराळ मुलुखात त्याने चांगलेच मूळ धरले. उथळ, लांबट काहिलीत रस उकळत होता, घरातली थोरली माणसे आळीपाळीने हिरवट मळी काढीत होती, आणि सुमारे दहा गॅलन रसाची जेमतेम एक गॅलन काकवी होते हे मला सांगणारा दहाबारा वर्षांचा नातू धाट चोखत उभा होता.

जेवणात खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर संथपणे शिजवलेली पिंटो घेवड्याची उसळ, तिच्यावर चिरलेला कच्चा कांदा, आणि बिडाच्या तव्यात भाजलेली मक्याची भाकर. या भाकरीत साखर घालणाऱ्याचे नाव तेथे आदराने घेत नाहीत. घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून, वाळवून हिवाळ्यासाठी टांगलेल्या होत्या. यजमानीण आजींच्या माहेरची मंडळी खोऱ्यातली. त्यांच्या आईच्या आठवणींत शरद म्हणजे पानांचा रंग नव्हता, चेस्टनट वेचण्याचे दिवस होते. ती फळे गाडीत भरून नॉक्सव्हिलच्या बाजारी न्यायची आणि आलेल्या पैशांतून मुलांसाठी हिवाळ्याचे जोडे आणायचे. आशियातून आलेल्या झाडांबरोबर एक बुरशी अमेरिकेत शिरली, 1904 मध्ये ती न्यूयॉर्कला प्रथम आढळली, आणि 1940 च्या सुमारास या डोंगरांतले चेस्टनट जवळजवळ नामशेष झाले; म्हणजे माणसांबरोबर झाडेही उठली.

शेवटी आजींनी वाळवलेल्या सफरचंदांच्या शिजवलेल्या गराने थर जोडलेला, काकवी घातलेला केक पुढे ठेवला. "आज केलेला मिळायचा नाही बाळांनो," त्या म्हणाल्या, "थर मऊ व्हायला दोन दिवस मुरावा लागतो; हा परवाचा आहे." कपाटात झाकून ठेवलेला नवा केक दाखवून, तो सोमवारी कापणार आहे, तोवर राहा, असे त्यांनी निक्षून सांगितले. स्नेह्यांना सोमवारी कचेरीत हजर राहणे भाग होते, आणि त्यांच्या कचेरीविषयी आजींनी जे मत दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही.